साहेब, पैसे नाहीत!

एक फेब्रुवारी. ऑफिसातल्या टीव्हीवर लोकसभा आणि कॉफी मशीनपाशी एकच सवाल, ‘आपला टॅक्स किती वाचणार?’ अर्थमंत्र्यांचं भाषण आपण ऐकतो ते स्लॅबसाठी. 2025 मध्ये तो क्षण भाषणाच्या अगदी शेवटी आला. नव्या रिजीममध्ये 12 लाखांपर्यंतच्या पगारावर इन्कम टॅक्स शून्य! तोवर काय काय वाचून झालं, हे किती जणांना आठवतंय?

असो. भाषण हा या नोकरीतला ग्लॅमरवाला दिवस. उरलेलं वर्ष जातं ते लोकांना ‘नाही’ म्हणण्यात.

का, ते बघा. 2025-26 च्या बजेटमधला एक रुपया घ्या. त्यातले 24 पैसे मुळात उसने, म्हणजे कर्जाचे. खर्चात 22 पैसे राज्यांच्या करवाट्याचे, 20 व्याजाचे, 8 डिफेन्सचे आणि 4 पेन्शनचे. अर्ध्याहून जास्त रुपया असा आधीच बुक झालेला. तुमच्या पगारातून एक तारखेला होमलोनचा ईएमआय जातो आणि गावी पैसे पाठवले जातात, तसंच हे. उरलेल्यात रस्ते, खतं, धान्य, शाळा सगळं बसवायचं आणि दाराशी बाकीची मंत्रालयं आपापल्या याद्या घेऊन उभी! प्रत्येकाला आपलाच खर्च अर्जंट वाटतो. त्या प्रत्येकाला नाराज करण्याचं काम एकाच माणसाकडे.

गंमत म्हणजे ‘नाही’ ऐकायची पाळी त्यांच्यावरही येते. 29 फेब्रुवारी 2016 च्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी सुचवलं, की पीएफ काढताना 60 टक्के रकमेवर कर लागू शकेल. नोकरदार असे काही खवळले, की 8 मार्चला प्रस्ताव मागे! भाषणात वाचलं म्हणजे कायदा झाला असं नसतं. लोकसभेने फायनान्स बिल पास करेपर्यंत तो फक्त प्रस्ताव असतो. त्यामुळे बोंब मारायची तर त्या दिवसांत मारावी, नंतर फेसबुकवर रडून उपयोग नाही.

जीएसटीचं तर आणखी वेगळं. हॉटेलचं बिल बघून आपण शिव्या देतो दिल्लीला. पण दर ठरवते कौन्सिल. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश आणि निर्णयाला लागतात तीन चतुर्थांश मतं. अर्थमंत्री अध्यक्ष खरे, पण राज्यांना पटवल्याशिवाय पनीरचाही दर हलत नाही.

आणि एक ‘नाही’ आपल्या मुंबईसाठीचा. रायगडातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1950 पासून देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं घाटत होतं. 1956 मध्ये, दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झालेली असताना, त्यांनी खुर्ची सोडली आणि कारण सांगताना नेहरूंच्या कारभारावर भर संसदेत टीका केली. या भांडणात पैशाचा, कराचा काही संबंध नव्हता. अर्थखातं टी. टी. कृष्णमाचारींकडे गेलं, देशमुख यूजीसीचे चेअरमन झाले. मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली ती 1960 मध्ये.