बाबांचं इन्सुलिन बंद होईल का?

‘अमुक काकांचं इन्सुलिन तीन आठवड्यांत बंद! फक्त हे खा आणि ते सोडा.’ फॅमिली ग्रुपवर हा मेसेज फिरत फिरत तुमच्यापर्यंतही आलाच असेल. खाली दहा अंगठे, पाच-सहा जोडलेले हात. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘बघ रे जरा नेटवर, खरंय का हे?’ कॉलेजात जाणारं पोर घरात असलं की हे खातं आपसूक त्याच्याकडेच येतं. तर बघूच.

खरं आहे का? काही जणांसाठी बऱ्यापैकी खरं आहे. काही जणांसाठी मात्र जिवावर बेतणारं आहे. फरक पडतो तो डायबेटिस कुठला यावर, आणि नेमका हाच प्रश्न त्या मेसेजमध्ये कधी नसतो.

आपल्या आई-बाबांच्या, काका-मावश्यांच्या वयात होतो तो बहुतेक वेळा टाइप २. यात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते नीट लागू पडत नाही आणि हळूहळू कमीही पडायला लागतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांचं म्हणणं असं, की यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी हे यामागचं मोठं कारण. ती उतरली तर स्वादुपिंड पुन्हा कामाला लागू शकतं. ग्लासगोच्या प्रा. माइक लीन यांच्यासोबत त्यांनी याची मोठी चाचणी घेतली. सुरुवातीला काही महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरी, त्याही सूप आणि शेकमधून. नंतर हळूहळू नेहमीचं जेवण. २०१७ मध्ये निकाल आला. एका वर्षानंतर ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात तर ८६ टक्के! दुसऱ्या वर्षाअखेर मात्र ४६ चे ३६ झाले. म्हणजे एकदा जमलं की कायमचं सुटलो, असं नाही.

फॉरवर्ड करणारे यातली एक गोष्ट हमखास गाळतात. या चाचणीत इन्सुलिन घेणारं कोणीच नव्हतं, आणि सगळ्यांचा डायबेटिस सहा वर्षांच्या आतला होता. ज्यांना पंधरा-वीस वर्षं झालीत, त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बऱ्याच दमलेल्या असतात. त्यांचं इन्सुलिन पूर्ण सुटण्याची शक्यता कमी. पण वजन उतरलं, ताट बदललं, तर युनिट कमी होतात, अनेकांची होतात, आणि हेही काही थोडकं नाही. स्वतःचं इन्सुलिन किती शिल्लक आहे, याचा अंदाज सी-पेप्टाइड नावाच्या रक्तचाचणीवरून येतो. डॉक्टरांना ती विचारायला हरकत नाही.

‘पण बाबा तर बारीकच आहेत, वजन कुठून उतरवणार?’ हा आपल्याकडचा खास प्रश्न. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! शर्टात बारीक दिसणारा माणूस पोटाच्या आत चरबी बाळगून असू शकतो. त्यामुळे काट्याइतकीच कंबरेची टेपही बघा.

आता ताट. ‘भाकरीला शुगर नसते’ हे आधी डोक्यातून काढा. ज्वारीची असो की बाजरीची, तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. उपवासाची साबुदाणा खिचडी तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर बटाटा. त्यापेक्षा एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. खाणाऱ्यांनी अंडं किंवा मासा. आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी-भात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची शुगर कमी उसळते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धत अनेकांना जमते. मात्र इन्सुलिन चालू असताना ती परस्पर सुरू करायची नाही.

का, तर हिशेब साधा आहे. डोस ठरलेला असतो तो जुन्या ताटासाठी. ताट अर्धं केलं आणि डोस तोच ठेवला, तर शुगर धाडकन पडते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलताना गोंधळ. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही शुगर अशीच पडू शकते. म्हणून डाएट सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं. ते पहिल्याच दिवशी काही डोस कमी करतील, मग नोंदी बघून थोडं थोडं. उपाशीपोटीच्या आकड्यावरून रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन ठरतं, जेवणानंतरच्या आकड्यावरून जेवणाआधीचं.

आणि टाइप १? तुमच्या वर्गात, होस्टेलवर बॅगेत पेन घेऊन फिरणारी मुलं-मुली असतात, त्यांचा बहुधा हाच. यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच शरीर नष्ट करतं. इथे ‘डाएटने इन्सुलिन बंद’ हा सल्ला म्हणजे शुद्ध धोका आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. तोवर अशा मुलांवर एकच इलाज होता, जवळजवळ उपाशी ठेवणं. लिओनार्डचं वजन तेव्हा ३० किलोही नव्हतं. म्हणजे फक्त डाएटचा प्रयोग जगाने करून बघितलेला आहे, आणि मुलं त्यात वाचली नाहीत. इन्सुलिनवर लिओनार्ड पुढे १३ वर्षं जगला.

यात एक चकवा आहे. टाइप १ कळल्यावर इन्सुलिन सुरू केलं की सुरुवातीचे काही महिने डोस खूप कमी होऊ शकतो. डॉक्टर त्याला ‘हनिमून’ म्हणतात. उरल्यासुरल्या पेशी थोडं काम करतात एवढंच. नेमक्या त्याच काळात कोणीतरी काढा किंवा चूर्ण आणून देतं, आणि श्रेय त्याला जातं! मग इन्सुलिन थांबवलं जातं. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, तोंडाला फळासारखा वास ही कीटोअ‍ॅसिडोसिसची लक्षणं. तिथून आयसीयू लांब नसतो.

तुम्ही घरात काय करू शकता? एक वही घाला. तारीख, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, किती युनिट घेतलं, काय खाल्लं. दोन आठवडे रोज लिहा आणि पुढच्या अपॉइंटमेंटला ती वही घेऊन बाबांसोबत स्वतः जा. बाबा डॉक्टरांना ‘सगळं व्यवस्थित आहे’ एवढंच सांगणार, हे तुम्हालाही माहीत आहे.