कर्णबधिरांची दाद

आपल्या गावात ऐकू न येणारी माणसे किती आहेत, असा प्रश्न एखाद्या पंचायत-सदस्यास केला, तर क्षणभर विचार करून तो दोघा-तिघांचा निर्देश करील. परंतु तो निर्देश नावाने होणार नाही. ‘सुताराकडचा मुका’, ‘वरच्या वाड्यावरची बहिरी’ अशा खुणेनेच तो ती माणसे सांगेल. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना चांगली नावे ठेविली होती. ती देवळाच्या नोंदवहीत तेवढी राहिली. ज्याला गावात कोणी नावाने ओळखीत नाही, त्याचे नाव सरकारी यादीत सापडू नये यात नवल ते काय? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचे अपंगत्व या सदराखाली ५० लाखांहून अधिक माणसांची नोंद झाली, आणि बोलण्याचे अपंगत्व या सदराखाली सुमारे २० लाखांची. समाज एवढा मोठा. पण गावोगाव विखुरलेला आणि बहुतेक घरांत एकेकटा.

आंधळ्या किंवा लंगड्या माणसाची अडचण पाहताक्षणीच ध्यानात येते. कर्णबधिराचे तसे नाही. तो शेतात राबतो, गुरे राखतो, ओझी वाहतो, आणि चारचौघांसारखाच दिसतो. त्याची अडचण सुरू होते ती तलाठ्याच्या कचेरीत, बँकेच्या खिडकीशी, इस्पितळात आणि पोलीस ठाण्यात. तेथे त्याच्या वतीने बाप बोलतो, बाप नसल्यास भाऊ, नाहीतर वहिनी. कागद कशाचा आहे हे त्याला कोणी समजावीत नाही. अंगठा मात्र त्याचाच घेतात. जमिनीच्या वाटणीत अशा माणसाच्या पदरी काय पडत असेल, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

सरकारने कर्णबधिरांसाठी काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. कायदे आहेत, योजना आहेत, त्यांवर पैसाही खर्च होतो. तथापि कर्णबधिरांशी बोलावयाचे कोणत्या भाषेत आणि त्यांच्या तर्फे बोलावयाचे कोणी, हे दोन प्रश्न जेथे सुटले तेथेच त्या योजना फळास आल्या, असे आमचे मत झाले आहे.

गीतेची हकीकत पुष्कळांनी वर्तमानपत्रांतून वाचली असेल. ही मुलगी लहानपणी चुकून समझौता एक्सप्रेसमधून लाहोरास पोहोचली. तिला ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते, शाळेत ती कधी गेली नव्हती. आपले नाव, गाव, आईबाप यांपैकी काहीही सांगण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. कराचीच्या ईधी प्रतिष्ठानाने, विशेषतः बिल्किस ईधी यांनी, तिचा आईच्या मायेने सांभाळ केला. गीता हे नावही तेथेच पडले. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परत आली. सरकारने तिला इंदूर येथे ठेविले. कित्येक कुटुंबांनी ‘ही आमचीच मुलगी’ म्हणून हक्क सांगितला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, पण जुळेना. अखेर उपयोगी पडले ते इंदुरातील खुणांची भाषा जाणणारे लोक. तिच्या घरगुती खुणांतून त्यांनी नदी, रेल्वेचे स्टेशन, शेते असा एकेक तपशील वेचला आणि शोध मराठवाड्यापर्यंत आणून पोहोचविला. २०२१ साली तिची आई तेथे सापडल्याचे जाहीर झाले. दोन देशांची सरकारे जे करू शकली नाहीत, ते तिच्याशी तिच्या रीतीने बोलू शकणाऱ्या थोड्या माणसांनी केले. त्याच इंदुरात तुकोगंज पोलीस ठाण्यात मूकबधिरांसाठी साहाय्य केंद्र चालविण्यात आले आणि फिर्याद देणाऱ्यास दुभाषा मिळू लागला. असे ठाणे आपल्या जिल्ह्यात आहे काय, याची चौकशी वाचकांनी अवश्य करावी.

खुणांची भाषा म्हणजे नुसते हातवारे, असा समज शिकलेल्या लोकांतही आढळतो. तो चुकीचा आहे. घरात आई आणि मुलाच्या दरम्यान ठरलेल्या पाच-पंचवीस खुणा म्हणजे भाषा नव्हे, हे खरे. परंतु कर्णबधिर माणसे जेथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र आली, तेथे स्वतःचे व्याकरण असलेल्या पूर्ण भाषा तयार झाल्या आहेत. तीत विनोद करता येतो, भांडता येते आणि कोर्टात साक्षही देता येते. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे या फ्रेंच पाद्रीने अशाच खुणांच्या आधारे बहिऱ्या मुलांची शाळा चालविली. आपल्या देशातील अशा पहिल्या शाळेचा मानही एका धर्माधिकाऱ्याकडे जातो. मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईत ती स्थापिली. परंतु १८८० साली मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खुणा वर्ज्य करून तोंडी बोलणेच शिकवावे असा ठराव केला. त्या परिषदेत स्वतः कर्णबधिर असे शिक्षक नावापुरतेच होते. जगभर त्याचे परिणाम झाले. आपल्याकडील शाळांतही पुष्कळ वर्षे मुलांचे हात आवरण्यावर आणि ओठ वाचविण्यावरच भर राहिला.

येथे वाचकांस एक अलीकडची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती फारशी कोणास ठाऊक नाही. भारतीय खुणांच्या भाषेसाठी एक स्वतंत्र संस्था असावी अशी मागणी कर्णबधिरांच्या संघटनांनी लावून धरली होती. २०११ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या आश्रयाने ती सुरू झाली, आणि २०१३ मध्ये बंदही पडली. पुढे २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने ती अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या दिल्ली केंद्रात विलीन करण्याचे ठरविले. ही अली यावर जंग संस्था १९८३ पासून मुंबईत वांद्र्यास आहे. सिकंदराबादेसही तिचे केंद्र आहे. तपासणी, उपचार, शिक्षकांची तयारी ही कामे ती करते, आणि तिच्या कामास आम्ही नावे ठेवीत नाही. पण कान दुरुस्त करण्याची दृष्टी निराळी आणि भाषा वाढविण्याची दृष्टी निराळी, असे म्हणून कर्णबधिर स्वतः रस्त्यावर आले. सरकारास निर्णय फिरवावा लागला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०१९ मध्ये ६,००० चा झाला आणि २०२१ मध्ये १०,००० चा. २०२० साली शालेय पाठ्यपुस्तके खुणांच्या भाषेत आणण्याचा करार झाला, आणि ६ डिसेंबर २०२४ पासून या भाषेसाठी सरकारची शैक्षणिक दूरचित्रवाहिनी, क्रमांक ३१, सुरू झाली. तोंडाने एक शब्द न बोलणाऱ्या लोकांनी सरकारकडून हे करवून घेतले, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

आता कायद्याकडे वळू. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव असून त्यांतील १ टक्का बहिऱ्या व कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. हा १ टक्का १९९५ च्या जुन्या कायद्यातही होताच. ६ ते १८ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षण, उच्च शिक्षणात व गरिबी-निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के राखीव भाग, प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार ऐकणारा अधिकारी, आणि त्यावर राज्याचा आयुक्त, अशी रचना आहे. कागदावर तरी ती चांगली आहे.

परंतु व्याख्या पाहा. दोन्ही कानांत ७० डेसिबलची उणीव असेल तो बधिर, आणि ६० ते ७० असेल तो कमी ऐकणारा. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची उणीव ५० किंवा ५५ आहे, ज्याला उपदेश ऐकू येत नाही की ग्रामसभेतला ठराव कळत नाही, तो कायद्याच्या हिशेबी धडधाकट! त्याला प्रमाणपत्र नाही, म्हणून कानाचे मशीन नाही. या माणसांची संख्या थोडी नसावी. आणि त्यांच्यासाठी बोलणारी संघटनाही नाही, कारण आपण बहिरे झालो आहोत हे ती कबूलच करीत नाहीत.

प्रतिनिधित्वाची बाजू याहूनही लंगडी आहे. कायद्याने केंद्रात व राज्यात सल्लागार मंडळे नेमावयाची असून त्यांवर अपंग व्यक्ती असाव्यात असे म्हटले आहे. परंतु २१ प्रकारांतून कोण निवडला जाणार? पायाने अधू असलेला गृहस्थ उत्तम भाषण करतो, सभेत छाप पाडतो. त्याची निवड सहज होते. उतरंडीची मागणी तो करील. दुभाष्याची त्याला सुचणारही नाही. यात त्याचा दोष नाही. पंचायतीची गोष्ट तर अशी की, ओडिशाच्या १९६४ च्या ग्रामपंचायत कायद्यात मूकबधिर माणसास सदस्य होण्यास चक्क अपात्र ठरविले होते. त्या काळच्या लोकांस त्यात काही वावगे वाटले नसावे. याउलट आफ्रिकेतील युगांडा देशात संसदेच्या ५ जागा अपंगांसाठी राखून ठेविल्या गेल्या आणि स्थानिक परिषदांतही एक पुरुष व एक स्त्री असे अपंग प्रतिनिधी घेण्यात आले. १९९६ साली ॲलेक्स न्डीझी हे कर्णबधिर गृहस्थ तेथील संसदेत निवडून गेले. दक्षिण आफ्रिकेत विल्मा न्यूहाउड्ट-ड्रुखेन ही कर्णबधिर महिला १९९९ मध्ये संसदेत आली, आणि २०२३ मध्ये तेथे खुणांच्या भाषेस बाराव्या राजभाषेचा दर्जा मिळाला. आपल्याकडे तामिळनाडूने २०२५ साली स्थानिक संस्थांत अपंग सदस्य नेमण्याचा कायदा केला. ही चांगली सुरुवात आहे, जरी त्यांत कर्णबधिर किती येतात ते पाहावे लागेल.

न्यायालयात मात्र दार थोडे उघडले आहे. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कर्णबधिरांस वाहन चालविण्याची परीक्षा देण्याची मोकळीक दिली. तो खटला त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेने लढविला होता. २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील महिलेने सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत काम चालविले. न्यायाधीशांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले ते डोळ्यांनी.

ज्या घरात तान्हे मूल आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. भांडे पडले तरी मूल दचकत नाही, सहा महिन्यांचे झाले तरी आईच्या हाकेकडे वळत नाही, तर ‘आजोबाही उशिरा बोलू लागले होते’ म्हणून स्वस्थ बसू नये, आणि कानात तेल तर मुळीच ओतू नये. आशाताईस किंवा अंगणवाडीत सांगावे. जन्मजात बहिरेपणाची तपासणी २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात धरलेली आहे. घाईचे कारण असे की, २०१४ पासून केंद्राच्या साहाय्य योजनेत जन्मापासून बहिऱ्या बालकांच्या कानात शस्त्रक्रियेने बसवावयाच्या यंत्रासाठी ६ लाख रुपयांपर्यंत मदतीची सोय झाली, पण त्यास वयाची अट ५ वर्षांची घातली. सहाव्या वर्षी शाळेत घालताना लक्षात आले, तर ती वेळ निघून गेलेली असते. जिल्हा इस्पितळातून प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड करून घ्यावे. त्यावाचून पेन्शन, शिष्यवृत्ती, मशीन, काहीच मिळत नाही. शिबिरात मिळालेले मशीन कानाच्या मापाचा साचा नसला की शिट्टी वाजविते, मूल ते काढून फेकते, आणि पुढे सेल संपले की ते पेटीत जाऊन पडते. साचा व सेल यांची विचारणा शिबिरातच करावी. यंत्र बसविले तरी मुलास खुणांची भाषा शिकू द्यावी. तिच्याने बोलणे मागे पडते ही भीती निराधार आहे. आईबापांनी व भावंडांनीही ती शिकावी, नाहीतर मूल शाळेतून भाषा घेऊन येईल आणि घरात तिला उत्तर देणारा कोणी नसेल.

मोठ्यांच्या बाबतीत पुढची ग्रामसभा हे ठिकाण आहे. गावातील कर्णबधिर व्यक्तींची नावे, खरी नावे, पंचायतीच्या वहीत आहेत काय, कार्डे कोणाची व्हावयाची राहिली आहेत, आणि त्यांना सभेस बोलाविले होते काय, हे तीन प्रश्न कोणासही उठून विचारता येतात. दुभाषा गावात मिळणार नाही. दुभाषेच देशात फार थोडे आहेत. पण मोबाइलच्या पडद्यावरून दूरचा दुभाषा सभेस बसविता येतो, आणि जवळच्या कर्णबधिर शाळेतील शिक्षकास आगाऊ कळविल्यास तो येऊही शकेल. त्या दिवशी सुताराच्या मुलास पुढच्या रांगेत, दुभाष्यासमोर, उजेडात बसवावे. त्याच्या भावास थोडे मागे बसू द्यावे.