दोन कडा, दोन स्वभाव

जबलपूरच्या छावणी भागात संध्याकाळी फुटबॉल पाहताना दिसतं: एक विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, रेषेला धरून सुसाट पळतो, दुसरा चेंडू घेऊन आत वळतो. दोघेही सारखेच का नसतात?

बचावफळी म्हणजे अपुरी पडणारी चादर. मैदान साधारण 68 मीटर रुंद, बचावपटू बहुधा चारच. थेट धावणारा विंगर चादरीचं टोक रेषेकडे ओढतो, मधे फट पडते. आत वळणारा कल्पक विंगर त्या फटीत शिरून पास देतो किंवा गोल मारतो. दोघेही आत वळले, तर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांत नर्मदा चिंचोळी होते तसा खेळ मधोमध कोंडतो. दोघेही बाहेरच पळाले, तर क्रॉस येतात, पण ते गाठायला आत माणसं कमी पडतात.

पायाचाही वाटा असतो. विंगर लालियानझुआला छांगटेचा जोर डाव्या पायात, तरी मुंबई सिटी क्लबसाठी तो उजव्या कडेने खेळला. आत वळताच चेंडू त्याच्या डाव्या पायावर येतो आणि समोर गोल दिसतो. अशा वेळी रिकामी झालेली कड मागच्या फुलबॅकने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, धावून भरायची.

पुढच्या सामन्यात क्षणभर चेंडू सोडून दूरच्या कडेचा विंगर पाहा. फट बहुतेकदा तिथेच उघडत असते.