छपरावरच्या विजेचा हिशेब : कोणत्या सवलतीत कोणती मिळवता येते

घराच्या छपरावर सौर पॅनल बसवताना मिळणाऱ्या सवलती एका खिडकीवर मिळत नाहीत. केंद्राचे अनुदान एका पोर्टलवर असते आणि राज्याची भर महावितरणमार्फत येते. वस्तू व सेवा करातली कपात विक्रेत्याच्या बिलात दडलेली असते, तर मिळकतकरातली सूट महापालिकेकडे मागावी लागते. यांतल्या बहुतेक सवलती एकीवर एक घेता येतात. मात्र प्रत्येकीची अट वेगळी आहे, आणि क्रम चुकला तर हक्काची रक्कमही हातची जाते.

सगळ्या हिशेबाचा पाया म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर मोफत वीज योजना. एक कोटी घरांवर सौर संच बसवण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्राने तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली. अनुदानाचा दर पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये आहे. त्यापुढे काही नाही. म्हणजे एका किलोवॅटला ३०,०००, दोनांना ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटना ७८,००० रुपये. पॅनलची आणि इन्व्हर्टरची क्षमता वेगवेगळी असेल, तर अनुदानासाठी कमी असलेली धरली जाते. पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. बाहेरून आलेले पॅनल स्वस्त मिळाले म्हणून घेतले, तर वाचलेल्या पैशांपेक्षा गमावलेले अनुदान बहुधा मोठे ठरते.

या आकड्यांमधून एक गोष्ट दिसते, आणि संचाची क्षमता ठरवताना नेमका तिचाच विसर पडतो. चौथा किलोवॅट पूर्णपणे स्वतःच्या खिशातून येतो. एक किलोवॅटचा संच महाराष्ट्रात महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो. दुसऱ्या बाजूला, जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास फिरणारे चार पंखे बदलले, तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. अर्ध्या किलोवॅटहून अधिक क्षमतेचे काम चार पंखेच करतात. त्यामुळे आधी पंखे, दिवे आणि जुना फ्रिज पाहावा, मग वर्षभराची बिले समोर ठेवून संचाचा आकार ठरवावा. उलट केले तर मोठ्या संचाचे पैसे आधी जातात आणि वापर नंतर घटतो.

केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर घालण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २०२५ मधली स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना, जिला सगळे ‘स्मार्ट’ म्हणतात. ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या दुर्बल घरांसाठी आहे. एका किलोवॅटची किंमत ५०,००० रुपये धरली, तर केंद्राचे ३०,००० वजा जाऊन २०,००० उरतात. दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्य १७,५०० देते आणि त्या घराने भरायचे राहतात फक्त २,५००. शंभर युनिटांच्या आतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५,००० मिळतात, त्याचा वाटा ५,००० चा. याच गटातल्या इतर ग्राहकाला १०,००० मिळतात आणि त्याला १०,००० भरावे लागतात. वीजबिलाच्या धाकाने पंखाही बंद ठेवणाऱ्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे. ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठीही राज्याने एप्रिल २०२५ मध्ये ५०,००० रुपयांची वाढ केली. तिच्यातले १५,००० एक किलोवॅटच्या सौर संचासाठीच राखलेले आहेत.

करातली कपात मागावी लागत नाही, पण तपासावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. संच बसवून देण्याच्या कामात किमतीचा ७० टक्के भाग वस्तू आणि ३० टक्के भाग सेवा धरला जातो. सेवेवर १८ टक्के कर कायम आहे. त्यामुळे एकूण भार १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. करापूर्वी दीड लाखाच्या संचावर ७,३५० रुपयांचा फरक पडतो. विक्रेत्याच्या दरपत्रकात कर वेगळा दाखवलेला नसेल, तर तो वेगळा लिहून मागावा.

यानंतर प्रश्न येतो रोख पैशांचा. केंद्राचे अनुदान संच चालू होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. तोवर विक्रेत्याचे पैसे ग्राहकालाच उभे करावे लागतात. त्यासाठी तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. व्याज रेपो दरापेक्षा साधारण अर्धा टक्का जास्त असते.

अर्ज मात्र पॅनल छपरावर चढण्याआधी व्हायला हवा. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, संच उभारणी, नेट मीटर आणि तपासणी असा क्रम आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक मंजुरी मिळाल्याचे गृहीत धरले जाते, म्हणून तिथे वेळ जात नाही. वेळ जातो नावात. अनेक घरांत वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असते आणि बँक खाते नातवाचे. आधी वीजबिलावरचे नाव बदलून घ्यावे, मग नोंदणी करावी. थकबाकी असेल तर तीही आधीच भरून टाकावी.

सोसायट्यांचा हिशेब निराळा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, वाहनांचे चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी केंद्र प्रति किलोवॅट १८,००० रुपये देते. मर्यादा ५०० किलोवॅटची, घरामागे तीन किलोवॅट या प्रमाणात. सभासदांनी स्वतंत्रपणे बसवलेले संचही याच मर्यादेत मोजले जातात. म्हणून गच्चीचा कोणता भाग कोणी वापरायचा, हे सर्वसाधारण सभेत ठरल्यावरच कोणीही अर्ज करावा. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते, आणि शहरातल्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या सोडून तेवढी जागा सहजासहजी सापडत नाही.

राहिला मिळकतकर. पुणे महापालिका सौर यंत्रणा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प असल्यास सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सूट देते. सूट संपूर्ण बिलावर नसून त्यातल्या सर्वसाधारण करावर आहे, हे लक्षात ठेवून आकडा काढावा. सौर संचाबरोबर पावसाचे पाणी जिरवण्याची सोय केली की टक्केवारी दुप्पट होते. प्रकल्प चालू स्थितीत असावा लागतो; बंद आढळला तर सूट काढून घेतली जाते.