शेवरोलेच्या टपावरचा कृष्ण

तिरुपतीचं दर्शन आटोपलं की यात्रेकरूंच्या कित्येक बसगाड्या घरची वाट न धरता मद्रासकडे वळायच्या. तिथल्या त्यागरायनगरात बझुल्ला रोडवर एका बंगल्यापुढे उतारू उतरायचे आणि मालक बाहेर येण्याची वाट पाहत थांबायचे. मालक सकाळी बाहेर येऊन हात जोडायचे. कुणी नमस्कार करी, कुणी थेट पाया पडे, आणि आता यात्रा पुरी झाली अशा समाधानाने मंडळी गावी जात. बंगला नंदमुरी तारक रामाराव यांचा, म्हणजे एनटीआर यांचा. १९६० साली ‘श्री वेंकटेश्वर महात्म्यम्’ या चित्रपटात ते बालाजी झाले, तेव्हापासूनचा हा शिरस्ता.

एनटीआर यांचा विषय निघाला की हा किस्सा हमखास सांगितला जातो आणि त्याला निष्कर्षही चिकटवला जातो : आंध्रच्या भाबड्या लोकांनी पडद्यावरच्या देवाला मतं दिली. मला हा निष्कर्ष आळशीपणाचा वाटतो. नुसत्या चेहऱ्यावर राज्य मिळत असतं तर तमिळनाडूत शिवाजी गणेशन यांचा पक्ष १९८९ च्या निवडणुकीत भुईसपाट झाला नसता. आंध्रातच नट चिरंजीवी यांनी २००८ मध्ये ‘प्रजाराज्यम’ हा पक्ष काढला. सभांना माणूस मावत नव्हता, पण २००९ मध्ये आमदार आले १८, आणि २०११ मध्ये पक्षच काँग्रेसमध्ये विसर्जित झाला. चेहऱ्यामुळे गर्दी जमते एवढं खरं. ती गर्दी मतदान केंद्रापर्यंत जाण्यासाठी तिच्या मनात आधीपासून काहीतरी सलत असावं लागतं.

एनटीआर यांना तो सल बरोबर ओळखता आला. मानभंग हा त्यांचा जुना विषय होता.

२८ मे १९२३ रोजी कृष्णा जिल्ह्यातल्या निम्मकुरू गावी शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. घरची शेती गेल्यावर विजयवाड्यात कॉलेज करता करता त्यांनी हॉटेलांना दूध घातलं. गुंटूरच्या आंध्र ख्रिश्चन कॉलेजातून बी.ए. झाले, स्पर्धा परीक्षा देऊन सब-रजिस्ट्रारची सरकारी नोकरी मिळवली आणि जेमतेम तीन आठवड्यांत ती सोडली. १९४९ साली ‘मन देशम्’मध्ये पोलिसाचं छोटं काम मिळालं, १९५१ च्या ‘पाताळ भैरवी’ने नट म्हणून बस्तान बसवलं आणि १९५७ च्या ‘मायाबाजार’ने त्यांना कृष्ण केलं. किंचित तिरका मुकुट आणि ओठांच्या कोपऱ्यातलं हसू असलेला तो कृष्ण तेलुगू घरांत इतका रुळला की कॅलेंडरांवरचे कृष्णही एनटीआर यांच्यासारखे दिसू लागले. पुढे त्यांनी ही भूमिका डझनाहून अधिक चित्रपटांत केली. अंगात मेहनतही विलक्षण. ‘नर्तनशाला’त (१९६३) बृहन्नडा रंगवायची म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर हा धिप्पाड माणूस वेम्पटी चिन्नसत्यम् यांच्याकडे कुचिपुडी शिकायला बसला.

राम-कृष्णाच्या या गजरात एक गोष्ट झाकली जाते. दिग्दर्शनाची सूत्रं हाती घेतल्यावर हा नट ओढीने जात होता तो पराभूतांकडे. ‘सीताराम कल्याणम्’मध्ये (१९६१) त्यांनी स्वतःसाठी भूमिका ठेवली रावणाची. १९७७ च्या ‘दानवीरशूरकर्ण’मध्ये कृष्ण तेच, दुर्योधन तेच आणि कर्णही तेच. निर्मिती-दिग्दर्शनही त्यांचंच. चित्रपट चार तासांच्या घरातला. त्यातला गाजलेला प्रसंग आहे भर सभेत कर्णाची जात काढली जाते तो, आणि त्यावर दुर्योधनाने कुळ-शीळ विचारणाऱ्यांची काढलेली सालटी. ते संवाद आजही आंध्रात लोकांना तोंडपाठ आहेत. कुणाचा अपमान झाला, तो कुणी केला आणि त्याची भरपाई कशी करायची, ही रचना एनटीआर यांनी आधी पडद्यावर पक्की केली होती.

राजकारणातला तसा प्रसंग दिल्लीकरांनी स्वतःहून पुरवला. १९५६ ला राज्य झाल्यापासून आंध्र प्रदेश काँग्रेसच्या हाती होता आणि मुख्यमंत्री कोण हे दिल्लीतून ठरत होतं. फेब्रुवारी १९८२ मध्ये तेव्हा खासदार असलेले राजीव गांधी हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर उतरले. मुख्यमंत्री टी. अंजय्या यांनी वाजतगाजत स्वागताचा घाट घातला होता. तो थाट पाहून राजीव गांधी भडकले आणि त्यांनी अंजय्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. कामगारांतून वर आलेल्या त्या वयस्क माणसाच्या डोळ्यांत पाणी आल्याच्या बातम्या छापून आल्या, आणि त्याच महिन्यात त्यांचं पदही गेलं. १९७८ ते १९८३ या एकाच विधानसभेच्या काळात चेन्ना रेड्डी, अंजय्या, भवनम वेंकटरामी रेड्डी आणि कोटला विजयभास्कर रेड्डी असे चार मुख्यमंत्री झाले.

२९ मार्च १९८२ रोजी हैदराबादेत आमदार निवासाच्या आवारात एनटीआर यांनी तेलुगू देसम पक्षाची घोषणा केली. साठीला टेकलेला, राजकारणाची काडीइतकीही पूर्वपीठिका नसलेला नट. काँग्रेसवाल्यांनी ‘नाटकं’ म्हणून खिल्ली उडवली. शेजारच्या तमिळनाडूतले नट एमजीआर यांची गोष्ट वेगळी होती. ते वर्षानुवर्षं द्रमुकमध्ये मुरले होते, १९७२ मध्ये बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले १९७७ ला. एनटीआर यांच्या हातात निवडणुकीपर्यंत होते नऊ महिने.

ते नऊ महिने गेले एका जुन्या शेवरोले गाडीत. चाळीसच्या दशकातलं ते वाहन दुरुस्त करून घेतलं, नाव दिलं ‘चैतन्यरथम्’. टपावर उभं राहायची सोय, ध्वनिक्षेपक, आत झोपायला जागा. स्टिअरिंगवर मुलगा हरिकृष्ण. अंगात खाकी कपडे. रस्त्याकडेला उघड्यावर आंघोळ करणारे, दाढी करणारे, झाडाखाली जेवायला बसलेले एनटीआर अशी छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकायची. यात अभिनयाचा अंश नव्हता असं कोण म्हणेल! पण पडद्यावर रेशमी पीतांबरात पाहिलेला देव आपल्या फाट्यावर धुळीने माखून उभा आहे, हे दृश्य कोणत्याही पोस्टरपेक्षा जास्त बोलत होतं. गाडी रात्री-बेरात्री पोहोचली तरी गावं जागी असायची. रामोजी राव यांच्या ‘ईनाडू’ने या दौऱ्याची खबर घरोघरी नेली. जिल्ह्याजिल्ह्यात पसरलेलं तेलुगू वृत्तपत्र तेव्हा नव्यानेच जोरात आलं होतं आणि त्याने आपली ताकद उघडपणे एनटीआर यांच्या मागे लावली.

घोषणा एकच होती, तेलुगू माणसाच्या आत्मगौरवाची. पण ती हवेत नव्हती. किनारपट्टीच्या सुपीक त्रिभुज प्रदेशातला कम्मा समाज शेती, तंबाखू, चित्रपट अशा धंद्यांत पैसा करून होता, पण त्याच्यातला एकही मुख्यमंत्री तोवर झाला नव्हता. काँग्रेसची सत्ता बहुतेक काळ रेड्डींभोवती फिरलेली. मागासवर्गीय जाती संख्येने मोठ्या, तिकिटांच्या वाटपात मात्र मागे. एनटीआर यांनी डॉक्टर, वकील, नुकतेच पदवीधर झालेले तरुण, मागास जातींतले नवखे चेहरे अशांना उमेदवाऱ्या दिल्या. आणि वर दोन रुपये किलो तांदूळ. काँग्रेस सरकारने घाईघाईने १ रुपया ९० पैशांचा भाव काढला, पण तोवर ‘दोन रुपये’ हे शब्द बायाबापड्यांच्या तोंडी बसले होते. दहा पैसे स्वस्त असूनही तो तांदूळ कुणाला खरा वाटला नाही.

५ जानेवारी १९८३ ला मतदान झालं. २९४ पैकी दोनशेहून अधिक जागा तेलुगू देसमला, काँग्रेसला ६०. ९ जानेवारीला हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमवर, लोकांच्या गर्दीत शपथविधी झाला.

त्यांचा कारभार मला त्यांच्या विजयाहून अधिक रंजक वाटतो, कारण तो चांगला आणि विक्षिप्त असा एकाच वेळी होता. पटेल-पटवारी, करणम-मुनसब ही पिढीजात गावकामगारांची पदं त्यांनी १९८४ मध्ये एका फटक्यात रद्द केली. आपल्याकडे कुलकर्णी-पाटलांची वतनं पन्नास-साठच्या दशकांत गेली होती, तिकडे ती तोवर टिकून होती. पंचायत समित्या मोडून सुमारे १,१०० लहान मंडलं केली, त्यामुळे तालुक्याचं काम गावकऱ्याच्या चालण्याच्या टप्प्यात आलं. तिरुपतीला महिला विद्यापीठ काढलं. आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती सप्टेंबर १९८५ पासून लागू केली. महाराष्ट्राने ती १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. तेलुगू देसमची आठवण काढताना तांदळाचा उल्लेख होतो, या कायद्याचा क्वचितच. पुढारी नट होता म्हणून असेल.

विक्षिप्तपणाही कमी नव्हता. खाकी जाऊन भगवी वस्त्रं आली. पहाटे, इतरांची गाढ झोपेची वेळ असताना, अधिकाऱ्यांना भेटीला बोलावलं जायचं. सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय एकदम ५८ वरून ५५ वर आणलं. हजारो माणसं रातोरात घरी बसली, संप झाला, पुढे वय पुन्हा ५८ झालं. सेटवर दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटलं की सगळे थांबतात. सचिवालयात तसं होत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नसावं.

त्यांचा खरा कस लागला १९८४ च्या ऑगस्टमध्ये. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ते अमेरिकेत गेले होते. परतून दोन दिवस होतात न होतात तोच १६ ऑगस्टला राज्यपाल रामलाल यांनी त्यांना बडतर्फ केलं आणि पक्ष उभारणीतले त्यांचे साथीदार नादेंडला भास्कर राव यांना शपथ दिली. एनटीआर यांच्या बाजूला १६० हून अधिक आमदार होते आणि राज्यपाल ते मोजायला तयार नव्हते. मग हे आमदार दिल्लीला नेण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर पुरते सावरलेही नसलेले एनटीआर चाकाच्या खुर्चीत बसून राष्ट्रपती झैलसिंग यांच्यापुढे आले, मागे आमदारांची रांग. त्या छायाचित्राने देशभरातल्या विरोधकांना एकत्र आणलं. दरम्यान आमदार फुटू नयेत म्हणून त्यांची व्यवस्था रामकृष्ण हेगडे यांच्या कर्नाटकात, बंगळूर आणि आसपास करण्यात आली. सुरत-गुवाहाटी पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही, पण तेव्हा हा प्रकार नवलाचा होता आणि उद्देश उलटा होता : सरकार पाडायला नव्हे, पाडलेलं परत मिळवायला. रामलाल गेले, शंकरदयाळ शर्मा आले (पुढे ते महाराष्ट्राचेही राज्यपाल झाले) आणि बरोबर महिन्याने, १६ सप्टेंबरला, एनटीआर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

त्यानंतर इंदिराजींची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये सहानुभूतीच्या लाटेवर काँग्रेसने लोकसभेत ४०० चा आकडा ओलांडला. आंध्रात मात्र तेलुगू देसमने ३० जागा जिंकल्या, आणि एक प्रादेशिक पक्ष लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. त्या पडझडीत पी. व्ही. नरसिंह राव हनमकोंड्यात हरले. उत्तम मराठी जाणणाऱ्या या नेत्याला त्याच निवडणुकीत लोकसभेत नेलं ते आपल्या विदर्भातल्या रामटेकने. पुढे १९९१ मध्ये पंतप्रधान झालेले राव नंद्याळमधून पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा एनटीआर यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नाही. तेलुगू माणूस पंतप्रधान होतोय, आडवं कशाला यायचं? कट्टर विरोधकाला दाखवलेलं हे औदार्य त्यांच्या घोषणेशी प्रामाणिक होतं.

महाराष्ट्रात असा नट-मुख्यमंत्री का झाला नाही, हा प्रश्न गप्पांत नेहमी निघतो. अस्मितेची धग इथेही होती, दादा कोंडक्यांसारखा गर्दी खेचणारा नट शिवसेनेच्या व्यासपीठावरही होता. पण मराठी प्रेक्षक अर्धा हिंदी चित्रपटांकडे वाटला गेलेला, आणि गावोगावची सत्ता साखर कारखाने व सहकारी बँकांत मुरलेली. तिथे रथ घेऊन जाणाऱ्या पाहुण्याला शिरायला फट सापडली नसती.

उतरण कशी लागली? फेब्रुवारी १९८९ मध्ये अर्थसंकल्प फुटल्याचं निमित्त करून त्यांनी सगळं मंत्रिमंडळ एकदम काढून टाकलं. अंजय्यांच्या अपमानावर उभा राहिलेला हा नेता स्वतःच्या माणसांचा मान ठेवायला विसरत चालला होता. वर्षअखेरीस सत्ता गेली. ते हिंदुपूरमधून निवडून आले, पण कलवकुर्तीत चक्क हरले. १९९४ मध्ये, नेल्लोर जिल्ह्यातल्या बायकांनी पेटवलेल्या दारूविरोधी चळवळीला साथ देत आणि दारूबंदीचं वचन देत ते परत आले, तेही २१६ जागा घेऊन. काँग्रेस २६ वर घसरली.

एवढं बहुमत नऊ महिनेही पुरलं नाही. १९९३ मध्ये त्यांनी लक्ष्मीपार्वती यांच्याशी विवाह केला होता. कारभारातली लक्ष्मीपार्वती यांची ढवळाढवळ मुलांना आणि आमदारांना खुपू लागली. ऑगस्ट १९९५ मध्ये जावई चंद्राबाबू नायडू यांनी आमदार हुसेनसागराकाठच्या व्हाइसरॉय हॉटेलात गोळा केले. हे चंद्राबाबू १९८३ मध्ये काँग्रेसचे उमेदवार होते आणि सासऱ्यांच्याच पक्षाकडून हरले होते. एनटीआर चैतन्यरथम् घेऊन हॉटेलापाशी गेले, तर आमदार बाहेर येण्याऐवजी त्यांच्यावर चपला फेकल्या गेल्या. मग त्यांनी जनतेसाठी एक कॅसेट काढली. नाव होतं ‘जामाता दशमग्रह’, ज्याचा अर्थ कोणाही मराठी सासऱ्याला सांगावा लागणार नाही. १८ जानेवारी १९९६ रोजी हृदयविकाराने ते गेले.

सासऱ्याला पायउतार करणारा जावई आज त्यांचाच फोटो लावून, त्यांच्याच सायकल चिन्हावर राज्य करतो आहे. उपमुख्यमंत्री आहेत चिरंजीवी यांचे भाऊ पवन कल्याण, जे २०१९ मध्ये दोन्ही मतदारसंघांत हरले होते आणि ज्यांच्या पक्षाने २०२४ मध्ये विधानसभेच्या लढवलेल्या सर्व २१ जागा जिंकल्या. विरोधी पक्षालाही हे नाव टाळता येत नाही. २०२२ मध्ये जगनमोहन रेड्डी यांच्या सरकारने विजयवाड्याभोवतीच्या नव्या जिल्ह्याला एनटीआर यांचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी एनटीआर यांनीच सुरू केलेल्या आरोग्य विद्यापीठाची पाटी बदलून तिथे जगनमोहन यांच्या वडिलांचं नाव लावलं. २०२४ मध्ये सरकार बदललं, तशी पाटीही पुन्हा बदलली.