अ‍ॅटॅकमागचा हात आपल्याच पेशींचा! शिरूर-दौंडकरांसाठी दहा चटपटीत गोष्टी

गावात कुणाला अ‍ॅटॅक आला की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ब्लॉकेज किती टक्के निघालं?" दौंड स्टेशनच्या फलाटावर तोच प्रश्न, रांजणगाव एमआयडीसीच्या कॅन्टीनमध्येही तोच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: इतकी वर्षं गप्प बसलेली चरबी नेमकी त्याच दिवशी का फुटली? याचं उत्तर आपल्या रोगप्रतिकारशक्तीत सापडतं. ते कळलं की रोजच्या कितीतरी सवयींकडे आपण वेगळ्या नजरेने बघू लागतो.

१. नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका
रक्तवाहिनीच्या भिंतीत साठणाऱ्या चरबीच्या थराला डॉक्टर 'प्लाक' म्हणतात. झटका देणाऱ्या कितीतरी प्लाकांनी त्याआधी रक्तवाहिनी निम्मीसुद्धा अडवलेली नसते. रक्त पुरेसं वाहत असल्यामुळे चालताना दम लागत नाही, छातीत दुखत नाही, ट्रेडमिलवरची तपासणीही नॉर्मल येऊ शकते. अशा माणसाला आजाराचं पहिलं लक्षण दिसतं ते थेट झटक्याच्या रूपात. म्हणून प्लाक केवढा आहे याइतकंच तो किती कच्चा आहे, हेही महत्त्वाचं.

२. चरबी गिळता गिळता पेशीच फुगतात
रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीच्या आतल्या थरात झिरपतं आणि तिथे त्याचं रूप बदलतं. शरीराला ते आता परकं वाटू लागतं. मग मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, त्यांच्या भक्षक पेशी बनतात आणि त्या हे कोलेस्टेरॉल गिळायला लागतात. गच्च भरल्या तरी थांबत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात चरबीचे इतके बारीक थेंब दिसतात की अख्खी पेशी फेसाळलेली वाटते. पुढे या पेशी तिथेच मरतात आणि त्यांचा मऊ, चरबट गाळ प्लाकच्या मध्यभागी साचत जातो.

३. सगळी मदार एका पापुद्र्यावर
या गाळावर कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंचा पापुद्रा असतो. तो जाड असेल तर प्लाक वर्षानुवर्षं त्रास न देता पडून राहतो. जाडी ६५ मायक्रॉनच्या खाली गेली, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहून कमी झाली, की धोका वाढतो. पिकलेलं गळू आठवा: वरची कातडी ताणलेली, आत सगळं मऊ, आणि फुटायला जरासं निमित्त पुरे.

४. पापुद्रा पातळ कोण करतं?
पुन्हा आपल्याच पेशी! टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात आणि त्यामुळे कोलॅजन बनवणाऱ्या स्नायुपेशींचं काम मंदावतं. त्याच वेळी भक्षक पेशी असलेलं कोलॅजन विरघळवणारी विकरं सोडतात. नवीन बनत नाही, जुनं टिकत नाही. पापुद्रा बऱ्याचदा कडेला फाटतो, कारण या पेशींची गर्दी तिथेच जास्त असते. फाटल्यावर आतला गाळ रक्ताला लागतो, रक्त गोठायला लागतं आणि काही मिनिटांत रक्तवाहिनी बंद होऊ शकते. काही झटके पापुद्रा न फाटता, नुसतं वरचं अस्तर खरवडलं गेल्यानेही येतात.

५. संशय जुना, पुरावा २०१७ चा
या आजारात दाह, म्हणजे प्रतिकारपेशींच्या हालचालीमुळे होणारी आतली जळजळ, असतो, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो १८५० च्या दशकातच सांगत होते. १९१३ मध्ये रशियाच्या निकोलाय अनिचकोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठलेली दाखवली, आणि पुढची अनेक दशकं चर्चा कोलेस्टेरॉलभोवतीच फिरली. अखेर २०१७ मध्ये १०,०६१ रुग्णांवरच्या 'कॅन्टोस' चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं गेलं. एका मात्रेत झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले. प्रतिकारशक्ती दाबण्याची किंमत मोजावीच लागते.

६. कुंपणावरची कळलावी आणि हृदयाची गोळी
पावसाळ्यात काटेरी कुंपणावर चढलेली कळलावी एकदा जवळून बघा. पानाचं टोक लांब होऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि आधाराला धरून वेल वर सरकते. फुलाच्या सहाही पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी, बुडाशी पिवळा रंग आणि वर लालभडक. हिच्या कंदात आणि बियांत दाह कमी करणारं कोल्चिसिन असतं. सांध्यांच्या गाउटवर हे औषध फार जुनं. २०१९ मध्ये झटका येऊन गेलेल्या ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने पुढचे हृदयविकाराचे त्रास ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयासाठी त्याला मान्यता मिळाली. पण २०२४ च्या सात हजार रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही, त्यामुळे वाद चालू आहे. एक गोष्ट मात्र पक्की: कळलावी विषारी आहे आणि तिचा कंद जीव घेतो. घरगुती औषध म्हणून तिला हातही लावू नका.

७. वढू बुद्रुकची मोलाची नोंदवही
छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आरोग्यसंशोधनाच्या जगात ते आणखी एका कारणाने ओळखलं जातं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांमधले जन्म, मृत्यू आणि स्थलांतरं इथे घरोघर जाऊन नोंदवली जातात. खेड्यात माणसं हृदयविकाराने की आणखी कशाने दगावतात हे अंदाजाने सांगण्यापेक्षा अशी वही हाताशी असणं लाखमोलाचं.

८. अंगाने बारीक, आतून चरबी
केईएमचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं. बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो, पण चरबी त्या मानाने टिकून. अशी चरबी पोटात साठली की ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचं पहिल्या झटक्याचं वय ५३ निघालं, इतरांचं ५८.८. वजनकाट्यावर खूश होण्याआधी कमरेला टेप लावून बघा.

९. मिसरी, चुलवाण आणि फ्लू
दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर हंगामात चुलवाण दिवसभर धगधगतं. चिपाड सारणाऱ्याच्या तोंडावर धूर येतो, त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसात जातात आणि दाह सगळ्या अंगात पसरतो. विडी-सिगारेटचंही तसंच. मिसरीने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या आजारातले जंतू संशोधकांना थेट प्लाकमध्ये सापडले आहेत. फ्लूचं तर विचारूच नका: कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचा धोका सहापट आढळला. उलट २०२१ च्या चाचणीत झटका आलेल्यांना फ्लूची लस दिली, तेव्हा वर्षभरातले मृत्यू ४.९ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आले. फ्लूच्या एका लशीने हृदयाचं इतकं भलं होतं!

१०. 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून गोळी सोडू नका
स्टॅटिनची गोळी कोलेस्टेरॉल उतरवते, शिवाय दाह कमी करते आणि पापुद्रा जाड व्हायला मदत करते. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला, तरी आत प्लाक घट्ट करण्याचं काम चालूच असतं. गोळी मनाने बंद केली की ते थांबतं. वेळेचंही भान ठेवा: झटक्यांचं प्रमाण सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त असतं. नेमकी हीच वेळ पुण्याची गाडी पकडायची, शिफ्ट गाठायची, दूध घालायची. त्यामुळे छातीतलं दुखणं 'पित्त असेल' म्हणून संध्याकाळवर ढकललं जातं.

दौंडपासून पुणं पाऊणशे किलोमीटर, शिरूरहूनही फारसं कमी नाही. छाती आवळल्यासारखी वाटली, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर १०८ ला फोन करा आणि जवळच्या दवाखान्यात ताबडतोब ईसीजी काढून घ्या. स्वतः मोटारसायकल काढून पुण्याकडे निघू नका. आणि घरात हृदयाचा रुग्ण असेल तर या आठवड्यात दोन कामं उरकाच: त्यांच्या गोळ्या नियमित चालू आहेत का ते बघा, आणि फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.