लाल फुलीच्या आधी एक प्रश्न



बचत गटाच्या बैठकीत आम्ही एरवी हप्ते आणि व्याज यांवर बोलतो. एकदा मात्र एक ताई चौथीतल्या लेकीची वही घेऊन आल्या. पानभर वजाबाक्या आणि पानभर लाल फुल्या. "रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, शाळेत जात नाही. काल मी तिला मारलंसुद्धा," असं सांगताना ताईंचे डोळे भरून आले.

आम्ही ती वही नीट पाहिली. ५२ वजा २७, उत्तर लिहिलं होतं ३५. ६१ वजा ३४, उत्तर ३३. लेकीला जवळ बसवून विचारलं, "बाळा, हे कसं केलंस?" ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." खालची दुसरी गणितंही तिने तशीच केली होती. म्हणजे पोर मन लावून करत होती, पण नियमच चुकीचा धरून बसली होती. फुलीने तिला 'चुकलं' एवढंच कळलं, कुठे चुकलं ते कळलं नाही.

आम्ही शाळेतल्या बाईंना भेटलो. त्यांनी वर्गात सगळ्यांनाच 'कसं केलंस?' विचारलं, तर अशी आणखी मुलं निघाली. मग बाईंनी त्या मुलांचा वेगळा गट केला आणि पाढे, घोकंपट्टी बाजूला ठेवून काड्या आणल्या. दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे केले. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. आता सत्तावीस द्यायच्या आहेत. सुट्या सात हव्यात, आहेत दोनच. काय करायचं? मुलंच म्हणाली, "एक गठ्ठा सोडू." राहिले चार गठ्ठे आणि सुट्या बारा. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. उत्तर पंचवीस.

आपण लहानपणी 'शेजारून एक उसना घेतला' असं शिकलो. पण इथे कुणी कुणाकडून उसनं घेत नाही. दहाची नोट आपलीच, आपण तिचे सुट्टे करतो. गटाची पेटी सांभाळणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही!

काड्या झाल्यावर बाईंनी पाटीवर चित्र काढायला लावलं: गठ्ठ्याला रेघ, सुट्या काडीला ठिपका. ते जमल्यावरच नुसते आकडे. मग जोड्या लावून एकाने दुसऱ्याला समजावायचं, कारण दुसऱ्याला सांगताना आपलं कुठे अडतं ते आपल्यालाच कळतं. चार-पाच दिवसांनी पुन्हा दोनच गणितं, मार्क न देता. आज जमलेलं मधे विसरलं तर तेव्हाच कळतं आणि आठवून केलेलं जास्त टिकतं.

एक अडचण आपल्या भाषेतही आहे. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. म्हणून लहान मुलं २७ चे ७२ करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी रीत आली, तेव्हा लोकांनी थट्टा केली. पण घोटाळा होणाऱ्या मुलाला 'वीस आणि सात' असं फोडून सांगितलं, तर आकड्यांच्या जागा पटकन कळतात.

मैत्रिणींनो, यासाठी आईने शिकलेलं असायला हवं असं नाही. घरात काड्या आहेत, वाल-चिंचोके आहेत. लेकरू चुकलं तर हात उगारण्याआधी, 'मठ्ठ' म्हणण्याआधी एवढंच विचारा, "कसं केलंस, मला सांग." मग गप्प बसून ऐका. कुठे अडतंय ते बाईंना किंवा गुरुजींना जाऊन सांगा. वर्गात मुलं भरपूर असतात, आपण सांगितलं तर त्यांनाही मदत होते.

त्या ताईंची लेक अजून अधूनमधून चुकते. पण आता अडलं की आपणहून काड्या घेऊन बसते आणि सकाळी पोट दुखत नाही. परवा ताई सांगत होत्या, "मला हातचा कधी कळलाच नव्हता. लेकीने शिकवला."

तुमच्या घरातली वही आज उघडून बघा.